दया नको, दाखला द्या!

एका पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. कोर्टाचे काम आटोपून संध्याकाळी घरी निघालो होतो. मुंबईतल्या एका उड्डाणपुलाखाली गर्दी दिसली म्हणून थांबलो. महापालिकेची गाडी नुकतीच येऊन गेली होती. चुलीचे दगड विखुरलेले, प्लास्टिकचे कागद फाटलेले, आणि पन्नाशीची एक बाई पुलाच्या खांबाला टेकून बसलेली. ती रडत नव्हती. माझ्या शर्टावरचा अशोकचक्राचा बिल्ला पाहून तिने आधी 'जयभीम' घातला आणि मग म्हणाली, "दादा, भांडी नेली त्याचं काय नाय. कागदांची पिशवी नेली. आता मी कोण हाय, हे कुणाला कसं सांगू?"

पिशवीत काय होते ते तिने बोटावर मोजून सांगितले. गावाकडचे जुने रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि बाबासाहेबांचा एक फोटो. ती लातूरकडची. गावात जमीन नाही, काम नाही म्हणून नवऱ्याबरोबर मुंबईला आली. नवरा नाक्यावर उभा राहून बिगारी काम करायचा. एके दिवशी परांचीवरून पडला आणि गेला. त्यानंतर ही बाई भंगार वेचून दोन पोरांना जगवते आहे. पुलाखाली राहून तिला पंधरा वर्षे उलटून गेली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलावरचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "बाईंचा पत्ता सांगा." मी म्हटले, "अमुक पुलाखाली, तमक्या खांबाजवळ." तो हसला. "वकीलसाहेब, तो काय पत्ता झाला? लाइट बिल आणा, भाडेकरार आणा. पत्ता नाही तर अर्ज कुठल्या रकान्यात लिहू?"

अंगावर काळा कोट, पाठीशी कायद्याची पदवी आणि वीसेक वर्षांची वकिली. पण त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मी कायद्याची पुस्तके, न्यायनिवाडे आणि शासन निर्णय पुन्हा काढून वाचले. जे सापडले ते चळवळीच्या वाचकांसमोर ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण हा प्रश्न एका बाईचा नाही आणि 'बिचाऱ्या गरिबांचा' तर मुळीच नाही. हा प्रश्न आपला आहे.

बाबासाहेबही बेघर झाले होते

आपण दरवर्षी २३ सप्टेंबरला संकल्प दिन साजरा करतो. बडोद्याला जातो, संकल्पभूमीवर नतमस्तक होतो. पण १९१७ साली तिथे नेमके काय घडले होते? कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, बडोदा संस्थानात नोकरीला लागलेला एक विद्वान तरुण राहायला जागा शोधत होता. गावात कोणी जागा देईना. जात लपवून पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या गाडीला वेळ होता. ते काही तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत झाडाखाली बसून काढले.

नीट विचार करा. त्या दिवशी बाबासाहेबांकडे पदवी होती, नोकरी होती, पगार होता. नव्हते ते फक्त छप्पर. आणि छप्पर का नव्हते? गरिबीमुळे नव्हे, जातीमुळे. बेघरपण म्हणजे केवळ विटा-सिमेंटचा तुटवडा नव्हे, तर समाजाने एखाद्या माणसाला 'तुला इथे जागा नाही' असे सांगणे होय, हे त्या एका प्रसंगाने सिद्ध केले आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले, ज्याच्या घराखालची जमीनही त्याच्या नावावर होऊ दिली नाही, तो समाज शहरात येऊन फुटपाथवर पोहोचला तर त्यात आश्चर्य कसले? १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून माणसे हुसकली. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर वस्त्याच्या वस्त्या जाळल्या, कुटुंबांना नेसत्या वस्त्रानिशी गाव सोडावे लागले. गावाने घर जाळले आणि शहराने फुटपाथ दिला. हाच आपल्या बेघरपणाचा इतिहास आहे.

मोजले ते किती, सुटले ते किती?

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात आणि रेल्वे फलाटांवर उघड्यावर राहणारे ते बेघर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. त्या एका रात्रीत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली गेली. त्यातली ९ लाख ३८ हजार शहरांत होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या वर, म्हणजे उत्तर प्रदेशच्या खालोखाल देशात दुसरा. पुरोगामी म्हणवणाऱ्या, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन कारभार करणाऱ्या राज्याचे हे स्थान आहे!

एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. फुटपाथवर काम करणारा कोणताही कार्यकर्ता सांगेल की हा आकडा अपुरा आहे. रात्री बारा वाजता प्रगणक येतो तेव्हा कोणी हॉटेलात भांडी घासत असतो, कोणी बाजारात पाट्या उचलत असतो, कोणी पोलिसांच्या भीतीने जागा बदलत असतो. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. आणि ज्याच्यासाठी तरतूद होत नाही तो पुढच्या वेळीही मोजला जात नाही.

न्यायालयाने काय दिले, काय दिले नाही

फुटपाथवरच्या माणसाची कायद्यातली कहाणी मुंबईतच सुरू होते. जुलै १९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसात झोपड्या तोडल्या गेल्या. त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस, काही संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. याचिकाकर्त्यांपैकी एक होता तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळामुळे १९६१ मध्ये तो मुंबईला आला. रोज २३ रुपये मजुरी. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या आडोशासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून २५०० रुपये उकळले होते. म्हणजे फुटपाथही फुकट मिळत नाही! हे वाक्य ज्यांना 'फुकटे' म्हणण्याची सवय आहे त्यांनी लक्षात ठेवावे.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे, असे न्यायालय म्हणाले. कायद्याच्या वर्गात हा निकाल आजही मोठ्या अभिमानाने शिकवला जातो. पण त्या निकालाचे दुसरे पान फारसे कोणी वाचत नाही. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरवले. एवढेच म्हटले की काढण्यापूर्वी साधारणपणे नोटीस द्यावी, १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, थांबावे. तत्त्व जिंकले आणि माणसे हरली.

पुढे चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा निकाल आला. आपल्या वाचकांनी हा निकाल पाठच करावा. सरकारने दलितांच्या घरांसाठी जमीन संपादित केली, म्हणून जमीनमालक न्यायालयात गेले होते. न्या. के. रामास्वामी यांच्या खंडपीठाने संपादन कायम ठेवले आणि सांगितले की निवाऱ्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. निवारा म्हणजे डोक्यावर छप्पर एवढेच नाही. पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी, वीज, स्वच्छता आणि रस्ता हे सगळे त्यात येते. याच न्यायमूर्तींनी अहमदाबादच्या फुटपाथवासीयांच्या प्रकरणात गरिबांच्या घरांची तरतूद करणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, हे अधोरेखित केले.

डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला आणि कडाक्याच्या थंडीत माणसे उघड्यावर आली. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तिथून निकष आला, की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, तो चोवीस तास आणि बाराही महिने चालला पाहिजे. या निकषाने १ कोटी २४ लाखांच्या मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. महापालिका या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही.

२०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले आणि त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा स्वतंत्र भाग ठेवला. मार्गदर्शक सूचना वाचल्या तर वाटते, हे कुणीतरी मनापासून लिहिले आहे. प्रत्येक माणसामागे ५० चौरस फूट जागा, पाणी, न्हाणीघर, शौचालय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कुलपाची पेटी. शिवाय निवाऱ्यातल्या माणसाला ओळखपत्र, रेशन, पेन्शन, बँक खाते, मुलांना अंगणवाडी आणि शाळा मिळवून देण्याची जबाबदारीही निवाऱ्यावर टाकलेली. सुरुवातीला ७५ टक्के पैसा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. तरी निवारे उभे राहिनात, पैसा पडून राहिला. म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये ई. आर. कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला न्या. कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून प्रत्यक्ष पाहणी करायला लावावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये या अभियानाची मुदतच संपली.

आदराने, पण स्पष्टपणे

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझरच्या मनमानीविरुद्ध निकाल दिला. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही, असे या निकालाने सांगितले. आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण त्याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदीकाठची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे ज्याला घर आहे त्याला पंधरा दिवस आणि जो फुटपाथवर आहे त्याला पंधरा मिनिटेही नाहीत. पुलाखालच्या बाईची पिशवी याच फटीतून गाडीत गेली.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, ई. आर. कुमार खटल्याच्या सुनावणीत न्या. गवई आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने तोंडी विचारले, की निवडणुकीपूर्वीच्या मोफत वाटपामुळे लोक काम करायला तयार नाहीत, आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना? लोकांना मुख्य प्रवाहात आणले पाहिजे, अशी त्यामागची भूमिका होती, हे मान्य. पुढे सरन्यायाधीश झालेले गवईसाहेब आंबेडकरी घराण्यातले, त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण बाबासाहेबांनी आपल्याला व्यक्तिपूजा शिकवली नाही. म्हणून आदराने, पण स्पष्टपणे सांगतो, की बेघरांच्या खटल्यात हा शब्द यायला नको होता. पहाटे चारला उठून शहराचा कचरा निवडणारी बाई परजीवी कशी? आपल्या इमारतींची परांची चढणारा, बाजारात पाट्या उचलणारा, लग्नाच्या मांडवात रात्रभर भांडी घासणारा माणूस शहराच्या जिवावर जगतो, की शहर त्याच्या जिवावर जगते?

योजनांची दारे आणि दारातली कुलपे

'सरकार इतके देते, मग हे लोक घेत का नाहीत?' असा प्रश्न आपल्यातलेही शिकलेले लोक विचारतात. तेव्हा एकेक योजना घेऊन पाहू.

रमाई आवास योजना २००८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. शहरात अडीच लाखांपर्यंत अनुदान, २६९ चौरस फुटांचे पक्के घर. माता रमाईच्या नावाची योजना, उर भरून येतो. अट काय? स्वतःची जागा किंवा कच्चे घर हवे, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायला हवा. पुलाखालच्या बाईने जागा कुठून आणायची? २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतही स्वतः घर बांधायचे तर जमीन आपली हवी आणि तयार घर घ्यायचे तर आपला हिस्सा भरायला हवा. म्हणजे घराच्या योजना ज्याला अर्धे घर आहे त्याच्यासाठी. ज्याला काहीच नाही तो रांगेच्याही बाहेर.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, दिव्यांग यांना महिन्याला पैसे मिळतात. २०२३ मध्ये ही रक्कम १५०० रुपये झाली. अट अशी की वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा द्यावा. हा पुरावा मागताना समोर बसलेली बाई १५ वर्षे त्याच रस्त्यावर राहत आहे, हे रोज तिच्या अंगावरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक असते. पण डोळ्यांनी पाहिलेले कागदावर चालत नाही.

आणि सगळ्यात मोठे कुलूप म्हणजे जातीचा दाखला. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. पणजोबा अमुक गावचे होते हे महसुली नोंदीने किंवा शाळेच्या दाखल्याने दाखवायचे. ज्याच्या पणजोबाला शाळेत बसू दिले नाही त्याच्याकडे शाळेचा दाखला मागणे, ज्याला जमीन घेऊ दिली नाही त्याच्याकडे सातबारा मागणे, ही कसली चेष्टा आहे? मनुस्मृतीने नाकारले ते संविधानाने दिले, आणि संविधानाने दिले ते रकान्याने पुन्हा अडवले. फुटपाथवर जन्मलेल्या तिसऱ्या पिढीच्या पोराला जात आहे, जातीचे चटके आहेत, पण जातीचा दाखला नाही. त्याच्यासाठी आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे सगळे कागदावरच राहते.

गरिबीलाच गुन्हा ठरवणारा कायदा

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि आपले भटके-विमुक्त बांधव त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण सात वर्षांतच, १९५९ मध्ये, मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यात 'भीक मागणे' याची व्याख्या काय आहे? हात पसरणे तर आहेच, पण उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे किंवा थांबणे हेसुद्धा त्यात बसवता येते. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत डांबण्याची सोय आहे.

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्याच्या प्रमुख शिक्षेच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. राज्य अन्न आणि काम देऊ शकत नसेल तर भूक हा गुन्हा कसा, असा त्या निकालाचा गाभा आहे. दिल्लीने तरतुदी उचलल्या त्या मुंबईच्या कायद्यातून. दिल्लीत त्या गेल्या, पण ज्या महाराष्ट्राने हा कायदा जन्माला घातला तिथे तो जिवंत आहे. पारधी, मसणजोगी, गोपाळ, बौद्ध, मातंग, आदिवासी, कोणीही असो, पुलाखाली झोपलेला माणूस आजही या कायद्याच्या टप्प्यात आहे. हा कायदा रद्द करा, ही मागणी आपल्या किती परिषदांच्या ठरावांत आली?

कुलपाच्या किल्ल्या

पण केवळ आक्रोश करून भागणार नाही. वकिलाने रडगाणे गाऊ नये, किल्ली दाखवावी. पत्ता नसलेल्या माणसालाही मिळू शकतात असे काही हक्क कायद्यात आजही आहेत.

पहिला हक्क मताचा. निवडणूक आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत. बेघर माणसाने नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा, तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे. तशी खात्री झाली तर रहिवासाचा कागदी पुरावा लागत नाही. बाबासाहेबांनी प्रत्येक माणसाला एक मत दिले, प्रत्येक घराला नव्हे!

दुसरा हक्क शाळेचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आज शाळेत घातलेल्या पोराचा शाळेचा दाखला उद्या त्याचा पहिला कागद होतो.

तिसरा हक्क उपचाराचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे बेघर आणि निराधार मनोरुग्णाला दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळाले पाहिजेत. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे ही त्याच कायद्याने पोलिसांची जबाबदारी आहे.

चौथा हक्क वकिलाचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्याचा दूरध्वनी क्रमांक. तालुका आणि जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते. माझ्या काळ्या कोटातल्या बांधवांनो, त्या यादीत आपली नावे आहेत का?

आपल्याच घरात डोकावून

आता थोडे कडू बोलतो. मी ज्या सोसायटीत राहतो तिथे बहुसंख्य आपलेच लोक आहेत. बँकेतले, रेल्वेतले, मंत्रालयातले. दर पौर्णिमेला खाली हॉलमध्ये बुद्धवंदना होते. दोन वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये बैठक झाली आणि समोरच्या फुटपाथवरची कुटुंबे हटवावीत म्हणून महापालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या झाल्या. मी विरोध केला तर एक ज्येष्ठ म्हणाले, "ॲडव्होकेटसाहेब, लेकीबाळी येतात-जातात. आपल्याला आता चांगलं राहायला मिळालंय ते राहू द्या की." त्या फुटपाथवरच्या चार कुटुंबांपैकी दोन बौद्ध होती. कोणी विचारलेही नव्हते.

हे ज्येष्ठ स्वतः चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसांत वाढलेले. त्यांचा राग मला आला नाही, भीती वाटली. बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी धोका दिला म्हणून आग्र्याला खंत व्यक्त केली, ती आपण भाषणात सांगतो. ती कोणाला उद्देशून होती? दुसऱ्या कुणाला नव्हे, त्या हॉलमधल्या आपल्यालाच.

मी एकट्याने सही केली नाही, एवढ्याने माझेही पाप धुतले गेले नाही. तो अर्ज गेला, गाडी आली. मी त्या दिवशी कोर्टात होतो.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. प्रत्येक बुद्धविहाराने आठवड्यातून एक संध्याकाळ 'दाखल्याची संध्याकाळ' म्हणून ठेवावी. एक वकील, एक शिक्षक आणि दोन तरुण. परिसरातल्या बेघर माणसांचे मतदार अर्ज, आधारचे अर्ज, मुलांचे प्रवेश, जातीच्या दाखल्यासाठी गावाकडच्या नोंदी शोधणे, एवढेच काम. याला देणगी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही. विहारात एक कुलपाचे कपाट ठेवावे आणि बेघर माणसांची कागदपत्रे त्यात सांभाळावीत. म्हणजे गाडी आली तरी कागद जाणार नाहीत.

दुसरी सूचना जनगणनेची. २०२७ च्या जनगणनेत, १९३१ नंतर पहिल्यांदाच, सर्व जातींची मोजणी होणार आहे. त्यात बेघरांच्या मोजणीच्या रात्री प्रत्येक शहरात, प्रत्येक स्टेशनवर आपले कार्यकर्ते प्रगणकाबरोबर उभे राहिले पाहिजेत. झोपलेल्या माणसाला न उठवताच कोणी धर्म 'हिंदू' आणि जातीचा रकाना कोरा, असे भरून टाकू नये. ६ डिसेंबरला आपण लाखो लोक शिवाजी पार्कवर उघड्यावर एक रात्र काढतो. मोजणीसाठी आणखी एक रात्र जागू.

तिसरी मागणी सरकारकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकषाप्रमाणे निवारे उभे करा, त्यात बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारे ठेवा. रमाई योजनेत शहरातल्या भूमिहीन बेघरांसाठी जागेसह घर किंवा नाममात्र भाड्याचे घर असा भाग जोडा. बेघरांसाठी जातीच्या आणि रहिवासाच्या दाखल्यात स्थळपाहणी आणि जाबजबाब हाच पुरावा धरा. कारवाईत उचललेल्या सामानाचा पंचनामा आणि पावती सक्तीची करा. आणि १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा रद्द करा.

पुलाखालच्या त्या बाईची पिशवी काही सापडली नाही. महापालिकेच्या गोदामात मी दोनदा जाऊन आलो. तिथे गाद्या, भांडी, पोरांच्या सायकली, सगळ्याचा ढीग होता. कागद कोण सांभाळतो? पण मतदार नोंदणीचा अर्ज भरला. अधिकारी पहिल्या रात्री आला नाही. लेखी आठवण दिल्यावर आला, आठ दिवसांनी पुन्हा आला. बाई दोन्ही वेळा त्याच खांबाशी झोपलेली होती. आणखी कुठे असणार? काही महिन्यांनी कार्ड आले. त्यावर पुलाचे नाव आणि खांबाचा क्रमांक आहे. ज्या कारकुनाने 'तो काय पत्ता झाला' म्हटले होते, त्याच्यापुढे मी ते कार्ड ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि गुपचूप नोंदवहीत अर्ज चढवला. निराधार योजनेचा दाखला अजून मिळायचा आहे, पाठपुरावा चालू आहे. गावाकडून रेशनकार्डाची नक्कलही मागवली आहे.

घर अजून नाहीच. ते मिळेपर्यंत ही लढाई जिंकली असे मी म्हणणार नाही.

मागच्या आठवड्यात ती कोर्टाच्या दारात उभी होती. बरोबर आणखी तीन बाया. एक पारधी, एक मातंग आणि एक उत्तरेकडची, तिची जात मी विचारली नाही. बाई म्हणाली, "जयभीम दादा. ह्यास्नीबी रात्री तपासाया येनारा सायब पायजे. ह्यांचंबी लिवा."

मी लिहायला घेतले आहे. पण शहरात पूल पुष्कळ आहेत आणि माझे हात दोन. वाचकहो, तुमच्या घराजवळचा पूल कोणता?

जयभीम!